तिसरी चौकट

माधवीला तिचं घर कुठं आहे असं कुणी विचारलं, की ती आधी पत्ता सांगत नसे. "लव्हालला, शोमदेमध्ये. तिथं सगळं इंग्लिशमध्ये चालतं," असं आधी सांगे, मग रस्त्याचं नाव. अकोल्याला आईशी फोनवर बोलतानाही हेच. आईला लव्हाल काय नि मॉन्ट्रियल काय, दोन्ही सारखीच लांब. पण लेकीच्या आवाजातला मोकळेपणा तिला कळत असावा. "बोलता येते नं तुले तिथं? मग झालं," ती म्हणायची.

खरं तर घरात कौतुक करण्यासारखं काही नव्हतं. तांबड्या विटांची जुनी तीन मजली इमारत, लिफ्ट नाही, जिन्यावर हिवाळाभर बुटांचं पाणी. माधवीचं घर पहिल्या मजल्यावर, मागच्या बाजूला. हॉल, दोन खोल्या आणि खिडकी असलेलं स्वयंपाकघर. वरच्या ग्रीक आजींचा रेडिओ सकाळी सातला सुरू झाला की घड्याळ बघावं लागत नसे, इतक्या भिंती पातळ. पण भाडं परवडत होतं. आणि खाली उतरलं की कोपऱ्यावरचा दुकानदार, बसचा ड्रायव्हर, दातांची डॉक्टर, बेकरीतली मुलगी, सगळे इंग्रजीत बोलत. कुणी ग्रीक, कुणी आर्मेनियन, कुणी लेबनीज, कुणी पंजाबी. प्रत्येकाचं इंग्रजी वेगळ्या गावचं, माधवीचं अकोल्याचं. कुणी कुणाला हसत नसे.

ही जागा तिला एवढी का आवडली होती, ते तिच्या आधीच्या दोन जागा पाहिल्या की कळतं. कॅनडात आल्यावर ती, नवरा रविकांत आणि मुलगी ईशानी ब्रॅम्पटनला एका बेसमेंटमध्ये राहिले. बोलायला माणसं भरपूर होती, पण घराला खिडकी एकच, आणि बर्फ पडला की तीही बुजून जाई. कायम राहण्याचा परवाना, म्हणजे पीआर, मिळाला, तोवर भाडं इतकं चढलं होतं की तिघांना पोटाला चिमटा काढून राहावं लागत होतं. रविकांतला फ्रेंच भाषेच्या प्रांतात, मॉन्ट्रियलशेजारच्या लव्हालला, बेकऱ्यांचे ओव्हन बनवणाऱ्या कारखान्यात काम मिळालं आणि ते इकडं आले. पहिलं वर्ष नदीकाठच्या फ्रेंच वस्तीत गेलं. तिथं खिडक्या मोठ्या होत्या, शेजारीपाजारीही भले होते, पण माधवीची वाचाच गेली. अकोल्याच्या शाळेत प्रयोगशाळा सांभाळणारी, वात्रट पोरांना एका हाकेत गप्प करणारी बाई, ती दुकानात बोट दाखवून भाजी घेऊ लागली. एकदा दवाखान्यात नर्सनं विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला ती मान हलवत 'वी, वी', म्हणजे 'हो, हो', म्हणत राहिली. बाहेर आल्यावर सात वर्षांच्या ईशानीनं विचारलं, "आई, मला शेंगदाण्याची ॲलर्जी कधी झाली?"

ईशानीला फ्रेंच येत होतं. या प्रांताच्या कायद्यानं तिला फ्रेंच शाळेतच जावं लागत होतं आणि सहा महिन्यांत ती भांडायलासुद्धा फ्रेंचमध्ये लागली होती. पण लेकीनं आईच्या वतीनं बोलावं हे माधवीला पटत नसे. दुकानात ईशानी मध्ये पडली की माधवीच्या मनाला लागे. पोर चुणचुणीत आहे याचा अभिमान एकीकडे, आणि आपण तिच्या मागं उभ्या आहोत याची लाज दुसरीकडे.

अशात एके दिवशी इंडियन ग्रोसरीच्या दुकानात तिनं काउंटरवर विचारलं, "अंबाडी है क्या?" नाही म्हटल्यावर ती खट्टू होऊन वळली, तर मागं उभा असलेला पिकल्या मिशांचा माणूस हसला.

"अकोला का अमरावती?"

"अकोला. पण तुम्ही कसं ओळखलं?"

"अंबाडीसाठी एवढं तोंड पाडणारा माणूस पुण्याचा असूच शकत नाही बाप्पा!"

हे हेमचंद्र काका. मूळ नागपूरचे, इथं येऊन सत्तावीस वर्षं झालेली. बायको सहा वर्षांपूर्वी गेली, मुलगी लग्न होऊन दूर रेजिनाला. आयुष्यभर फ्रेंच कामगारांबरोबर कारखान्यात राबल्यामुळे फ्रेंच अगदी पाण्यासारखं. निवृत्तीनंतर ते शोमदेच्या एका इमारतीची देखभाल पाहत. नळ गळला, दिवा गेला, पायऱ्यांवरचा बर्फ फावड्यानं काढायचा, की काका. त्याबदली तळमजल्यावरची एक खोली त्यांना राहायला. महिन्याभरात त्यांच्याच इमारतीतलं एक घर रिकामं झालं, काकांनी मालकाच्या ऑफिसात शब्द टाकला आणि माधवीला घर मिळालं. सामान चढवायला रविकांतबरोबर काकाच होते. फ्रिज आणि शेगडी इथं भाडेकरूलाच आणावी लागते. तो जुना फ्रिज तीन वळणांच्या जिन्यातून वर नेताना काका ओरडत होते, "अरे रविकांत, हत्ती गेला, शेपूट अडकून राह्यलं!"

चार वर्षं त्या घरात गेली. माधवीला जवळच्या वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम लागलं. तिथंही इंग्रजी. म्हाताऱ्यांना तिनं केलेलं डाळीचं सूप आवडे, ते तिला 'मॅडी' म्हणत आणि ती त्यांना दटावून दोन घास जास्त खायला लावी. तिला तिची हाक परत मिळाली होती.

एक अडचण मात्र या वस्तीतही होतीच. बोलणं इंग्रजीत, पण टपाल फ्रेंचमध्ये. विजेचं बिल, कराचं पत्र, शाळेची चिठ्ठी, मालकाची नोटीस, सगळे लिफाफे फ्रेंच. त्यावर काकांनीच तोड काढली होती. दर शनिवारी सकाळी दहाला तळघरातल्या लाँड्रीत, कपड्यांच्या घड्या घालायच्या लांब टेबलाशी ते चष्मा लावून बसत. इमारतीतले देशी लोक आठवड्याचे लिफाफे घेऊन उतरत. कुणी ढोकळा आणी, कुणी पराठे. पैशाची गोष्ट कुणी काढली तर काका कान धरून उठवत. मशीन घरघरत असत, गरम कपड्यांचा वास असे, आणि काका एकेक पत्र हातात घेत.

त्यांची वाचायची एक पद्धत होती. आधी सगळं पत्र मनातल्या मनात वाचायचं. ओठसुद्धा हलत नसत. मग चष्मा कपाळावर सारायचा आणि दोन पानांचं पत्र एका वाक्यात सांगायचं. "हे सरकार म्हणते, आमचं तुमच्यावर लई प्रेम हाय, पण करावर जास्त हाय, म्हणून तीस तारखेच्या आत भरा." सगळे हसत. पत्रात नेमकं काय लिहिलंय, हे शब्दन् शब्द सांगा, असं कुणी कधी म्हटलं नाही. म्हणणार तरी कोण? फुकट वाचून देणाऱ्या वडीलधाऱ्या माणसाची परीक्षा घेतल्यासारखं झालं असतं. माधवीच्या फोनमध्ये कागदावर धरला की भाषांतर करून देणारं ॲप होतं. दुकानातल्या खोक्यांवरचं वाचायला ती ते वापरायची. पण काकांनी वाचलेल्या कागदावर फोन धरणं तिला कधी सुचलंही नाही. देवळातून आणलेला प्रसाद कुणी वजनकाट्यावर ठेवतं का?

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी माधवी मालकाच्या ऑफिसचा लिफाफा घेऊन खाली उतरली. बरोबर ईशानी होती. आता अकरा वर्षांची, ड्रायरमधले मोजे जोड्या लावून ठेवणारी. टेबलाशी आणखी एकच जण होता, सार्थक, बेसमेंटमध्ये राहणारा कॉलेजचा विद्यार्थी. त्यानं मॅगीचं भांडं टेबलावर ठेवलं होतं आणि काका त्याला म्हणत होते, "याले जेवण म्हणतं का रे? हे तं संकट हाय."

काकांनी माधवीचा लिफाफा उघडला. वाचायला त्यांना त्या दिवशी जरा जास्त वेळ लागला. माधवीनं आणलेला चहा समोर निवत होता, त्यांनी त्याला हात लावला नाही.

"काही विशेष नाही," ते म्हणाले. "दरवर्षीचंच. भाडं थोडं वाढवून राह्यले. कागद मिळाला म्हणून सही पाहिजे त्यायले."

दुसऱ्या कागदावर खाली तीन चौकटी होत्या. काकांनी खिशातलं पेन काढून त्यातल्या तिसऱ्या चौकटीत खूण केली आणि कागद फिरवून माधवीपुढं ठेवला. ईशानी मोजे हातात घेऊन आईच्या खांद्यावरून वाकली.

"आई, दॅट्स नॉट द राइट बॉक्स."

"काय?"

"इट सेज वी आर लीव्हिंग. नंबर थ्री. आपण घर सोडणार असं आहे ते."

माधवीनं वर पाहिलं. काका हसत होते. "बेटा, इस्कूलातली फ्रेंच वेगळी, वकिलाच्या कागदातली वेगळी. सत्तावीस वर्षं झाले मले, तरी मी दोनदा वाचतो."

"बट इट लिटरली सेज..."

"ईशानी!" माधवीचा आवाज प्रयोगशाळेतला झाला. "मोठ्यांच्या मध्ये बोलायचं नाही. काकांना सॉरी म्हण."

ईशानीचे कान लाल झाले. सार्थक भांड्यात काटा फिरवत राहिला. "सॉरी, काका," ईशानी म्हणाली, आणि मोजे तसेच टाकून वर निघून गेली. माधवीनं सही केली. "आजकालची मुलं," ती ओशाळून म्हणाली. कागद काकांनी घडी करून खिशात ठेवला. ऑफिसात ते स्वतःच पोचवत. तेवढ्यात माधवीला आठवलं म्हणून तिनं तो परत मागितला आणि फोननं एक फोटो काढला. सही केलेल्या प्रत्येक कागदाचा फोटो काढायचा, हा रविकांतचा नियम. ती स्वतः ते फोटो कधी उघडून बघत नसे.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कामावर असताना तिला फोन आला. ऑफिसातली मुलगी, गोड आवाजात, इंग्रजीत. नवीन भाडेकरूला घराची मापं घ्यायला कधी पाठवू?

"कुठल्या घराची?"

"तुमच्या. तुम्ही तीस जूनला सोडताय ना?"

माधवीनं सूपची पळी बाजूला ठेवली. काहीतरी चूक झालीये, ती म्हणाली. मुलीनं पलीकडं कागद चाळल्याचा आवाज आला. चूक नाही मॅडम, तुमची सही आहे. उत्तर द्यायची मुदतही संपलीये. घर दुसऱ्याला दिलंय, करार झालाय. तिचा आवाज शेवटपर्यंत गोड होता.

संध्याकाळी स्वयंपाकघरात रविकांतनं तो फोटो उघडला, दुसऱ्या फोनवरचं ॲप त्यावर धरलं. फ्रेंच अक्षरं हलली आणि इंग्रजी झाली. पहिली चौकट: वाढीव भाडं मान्य, राहणार. दुसरी चौकट: वाढ अमान्य, तरी राहणार. तिसरी: करार पुढं चालवणार नाही, मुदत संपताच घर सोडणार. तिसऱ्या चौकटीत काकांची खूण होती आणि खाली माधवीची सही, व्यवस्थित, शाळेच्या रजिस्टरमध्ये करायची तशी.

रविकांतनं ॲप बंद केलं. "चुकून झालं असेल," तो म्हणाला.

"ईशानीनं सांगितलं होतं," माधवी म्हणाली. "त्यांच्यासमोर. मोठ्यानं."

ईशानी तिच्या खोलीच्या दारात उभी होती. माधवीनं तिच्याकडं पाहिलं.

"यू मेड मी से सॉरी," ईशानी म्हणाली. रागानं नाही. फक्त आठवण करून दिल्यासारखं. मग तिनं दार लावून घेतलं.

शनिवारी माधवी लाँड्रीत गेली. फोटोची छापील प्रत तिच्या हातात होती. टेबलाभोवती पाच-सहा जण होते, सार्थकही. ती आपल्या नंबरची वाट न बघता पुढं झाली आणि कागद काकांपुढं ठेवला.

"काका, हे वाचा. मनात नाही. मोठ्यानं. शब्दन् शब्द."

काकांनी कागद पाहिला. चष्मा काढला, पुसला, लावला. "इथं काहून..."

"वाचा."

काकांनी वाचलं. आधी फ्रेंच, मग मराठी. पहिली चौकट, दुसरी, तिसरी. आवाज खाली गेला, पण एकही शब्द गाळला नाही. वाचून झालं तेव्हा एक ड्रायर थांबला आणि त्याची शिट्टी वाजली. ती बंद करायला कुणी उठलं नाही.

"मला काय सांगितलं होतं तुम्ही?"

"गडबडीत झालं असल बाप्पा. डोळे बी आता..."

"ईशानीनं बोट ठेवून दाखवलं होतं. तेव्हाही डोळे?"

काकांनी कागद टेबलावर ठेवला. "मी मालकाशी बोलतो," ते म्हणाले. "तू टेन्शन नको घेऊ, माधवी. मी हाय नं."

त्या 'मी हाय नं'नं तिला पूर्वी किती धीर येत असे! ती इतरांकडं वळली. कुणीतरी काहीतरी म्हणेल असं तिला वाटलं. यांच्यासमोर तर झालं सगळं. सार्थक तर त्या दिवशीही इथंच होता.

"सार्थक, तू ऐकलं होतंस ना? ईशानी काय म्हणाली ते?"

सार्थकनं मान खाली घातली. "ताई, मी तेव्हा... माझं लक्ष नव्हतं हो." मग जरा थांबून, अगदी अजीजीनं: "आपण हे नंतर बोलायचं का? माझं इमिग्रेशनचं पत्र आलंय, सोमवारी शेवटची तारीख आहे." आणि त्यानं आपला लिफाफा माधवीच्या कागदावरून काकांकडं सरकवला.

काकांनी तो घेतला. ते तरी काय करणार होते? ते मनातल्या मनात वाचू लागले. माधवी जिना चढून वर आली, तेव्हा खालून काकांचा आवाज येत होता आणि कुणीतरी हसलं. कदाचित दुसऱ्याच कशाला तरी हसलं असेल.

भाडेकरूंना मदत करणाऱ्या एका संस्थेत तिला वेळ मिळाली. तिथल्या बाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. भाड्याचे तंटे सोडवणाऱ्या लवादाकडं जाता येईल, त्या म्हणाल्या, पण तुम्हाला चुकीचं सांगितलं गेलं हे दाखवावं लागेल. ज्यांनी वाचून दाखवलं त्यांनी दोन ओळी लिहून सही केली, तर तुमची बाजू भक्कम होईल. नाहीतर तुमच्या मुलीला येऊन सांगावं लागेल, आणि अकरा वर्षांच्या मुलीला ते प्रश्न विचारतील.

"कोर्टबिर्ट नको," रविकांत म्हणाला. "आपला सिटिझनशिपचा अर्ज चालू आहे. उगाच नावावर काहीतरी लागायचं." तसं काही लागत नाही असं बाईंनी सांगितलं होतं. पण रविकांतची भीती सांगण्यानं जाणारी नव्हती. शेवटी ठरलं, काकांकडून दोन ओळी घ्यायच्या. तेवढ्या मिळाल्या की मग जायचं. माधवीनं तो मजकूर स्वतः लिहून नेला, साध्या इंग्रजीत. 'मी कागद चुकीचा वाचून दाखवला. माधवीला घर सोडायचं नव्हतं.'

काकांनी कागद घेतला. "देतो की. आज हात थरथरून राह्यला, उद्या देतो."

उद्या रविवार होता. सोमवारी ते डॉक्टरकडं गेले होते. बुधवारी म्हणाले, "मालकाशी बोलणं चालू हाय, त्याच्याआधी लिहून दिलं तं तो चिडल." पुढच्या आठवड्यात माधवी कामावरून येताना त्यांच्या दारावर थाप मारायची. दाराबाहेर त्यांच्या चपला असत, आत कुकरची शिट्टी होत असे, आणि दार उघडत नसे. इतक्या दिवसांत ती दारासमोर उभी राहून स्वतःशी एकच गोष्ट उगाळत होती. का? मालकानं पैसे दिले असतील? धमकावलं असेल? तसं काही असतं तर तिला बरंच वाटलं असतं. काकांनी येऊन सांगावं, माझा नाइलाज झाला. ती रडली असती, ओरडली असती, मग त्यांना जेवायला वाढलं असतं. पण नुसतंच न उघडणारं दार कसं माफ करायचं?

कामावर एकदा एक आजी म्हणाल्या, "मॅडी, आज तू रागावली नाहीस माझ्यावर." माधवीच्या लक्षातच आलं नव्हतं की ती दिवसभर बोललीच नव्हती.

मे संपत आला. रविकांतनं नदीकाठी, त्या जुन्या फ्रेंच वस्तीच्याही पलीकडं, एक घर पाहिलं. शोमदेत आता त्यांना परवडेल असं काही उरलं नव्हतं. चार वर्षांत भाडी कुठल्या कुठं गेली होती. माधवीनं त्या घराबद्दल एकच प्रश्न विचारला, "बस कुठून मिळते?" जुलैच्या एक तारखेला इथं निम्मं शहर घर बदलतं, त्या दिवसासाठी ट्रक मिळेना म्हणून रविकांत हैराण होता. तरी माधवीनं खोक्यांना हात लावला नव्हता. दोन ओळी अजून येऊ शकत होत्या.

जूनच्या दुसऱ्या रविवारी दुपारी बेल वाजली. दारात तिशीची एक बाई उभी होती. कडेवर झोपलेलं बाळ, तिचा कुर्ता धरून उभी असलेली तीनेक वर्षांची मुलगी, आणि खांद्यावरची पिशवी सारखी घसरत होती.

"माधवीताई ना? मी अवंतिका. हेमचंद्रांची मुलगी, रेजिनाहून आलेय. बाबांनी पाठवलं मला."

माधवीच्या छातीत एकदम काहीतरी सुटलं. पाठवलं. स्वतः यायची लाज वाटली म्हणून मुलीच्या हाती कागद पाठवला. "ये ना, आत ये," ती म्हणाली, पाणी आणायला वळली, बाळासाठी सोफ्यावर चादर टाकली. अवंतिकानं पाणी एका दमात संपवलं आणि पिशवीत हात घातला. तिनं मोजपट्टी बाहेर काढली.

"तुमची काही हरकत नसेल तर खिडक्यांची मापं घेऊ? पडदे शिवायचेत. हे टोक जरा धरता का?"

माधवीनं टोक धरलं. तिला कळत नव्हतं असं नाही. पण हात पुढं झाला होता. अवंतिका दुसऱ्या टोकाशी जाऊन आकडा पुटपुटत होती आणि बोलत होती, खूप दिवस कुणाशी बोलायला मिळालं नाही अशा माणसासारखी. नवऱ्याची नोकरी डिसेंबरात गेली. तो आता कॅलगरीत मित्राकडं राहून काम शोधतोय. सहा महिने नुसते अर्ज. रेजिनाचं घर सोडावं लागलं. बाबांच्या एका खोलीत तिघी कशा मावणार? "मी बाबांना म्हटलं, कुठंही चालेल, पण तुमच्या जवळ. आणि ताई, तुमचं अभिनंदन हं! घर घेतलंत म्हणे. बाबा सांगत होते, अगदी वेळेवर सोडलंत तुम्ही. देवासारखं धावून आलं हे."

मोजपट्टीचं टोक माधवीच्या हातून सुटलं आणि सर्रकन गुंडाळत अवंतिकाच्या मुठीशी जाऊन आपटलं.

"आम्ही घर घेतलेलं नाही," माधवी म्हणाली.

"म्हणजे?"

"आम्ही भाड्याच्या घरात चाललोय. नदीकाठच्या फ्रेंच वस्तीपलीकडं. आम्हाला हे सोडायचं नव्हतं." मग तिनं सगळं सांगितलं. आवाज न चढवता, फेब्रुवारीपासून, चौकटीसकट. फोनवरचा फोटो दाखवला. अवंतिका नागपूरला आजीकडं वाढलेली, तिला फ्रेंच येत नव्हतं, म्हणून ॲप लावून दाखवला.

"बाबा असं नाही करणार," अवंतिका म्हणाली.

"मीपण हेच म्हणत होते."

अवंतिका सोफ्याच्या कडेवर बसली. बाळ झोपेतच कुरकुरलं, तिनं नकळत त्याला थोपटलं. थोरली मुलगी ईशानीच्या खोलीचं दार ढकलून आत डोकावत होती. तिथली पिवळी भिंत तिला आवडली असावी.

माधवीला वाटलं, हिला सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. काकांनी विचारलं असतं, पोरीसाठी घर सोडतेस का, तर आपण काय म्हटलं असतं? नाहीच म्हटलं असतं. आपल्यालाही पोरगी आहे. आणि ते काकांना ठाऊक होतं, म्हणूनच त्यांनी विचारलं नाही. दोन महिने जे कळत नव्हतं ते एका क्षणात कळलं, आणि कळल्यानं काहीच हलकं झालं नाही. उलट तो चहा आठवला, न प्यायलेला. सही घेतानाच त्यांना माहीत होतं.

ती अवंतिकाच्या समोर खाली बसली. आता हीच एक वाट होती.

"ऐक. मी कुणाला तुरुंगात पाठवायला निघाले नाही. मला फक्त दोन ओळी हव्यात त्यांच्या सहीच्या. मला देत नाहीत, तुझ्या सांगण्यानं देतील. अजून तीन आठवडे आहेत. मी उद्याच्या उद्या अर्ज टाकते. तुलाही दुसरं काही शोधू, मी स्वतः फिरेन तुझ्याबरोबर. सांगशील त्यांना?"

अवंतिकाचे डोळे भरून आले होते. तिनं माधवीचा हात हातात घेतला, घट्ट धरला. माधवी वाट बघत राहिली. वरच्या मजल्यावर आजींचा रेडिओ चालू होता. खिडकीतून जूनचं ऊन ओट्यापर्यंत आलं होतं. अवंतिकानं त्या उन्हाकडं पाहिलं, मग झोपलेल्या बाळाकडं, मग खोलीच्या दारातल्या मुलीकडं, जी आता आत जाऊन पलंगावर चढली होती. अवंतिकाचा हात हळूहळू सैल झाला.

"ताई," ती खाली बघत म्हणाली, "हा फ्रिज तुम्ही नेणार आहात का?"

माधवी उठली. आत जाऊन तिनं त्या लहानगीला पलंगावरून उचलून खाली ठेवलं, तिचा फ्रॉक सारखा केला आणि हाताला धरून बाहेर आणलं.

"नेणार," ती म्हणाली. "तो आमचा आहे."